गावाने होय म्हटलं

आमच्या मंडणगड तालुक्यात कुणी साधं आजारी पडत नाही. नुसती सर्दी झालेला माणूससुद्धा यमाच्या अंगणापर्यंत जाऊन, त्याच्या रेड्याला पेंढा घालून, यम घरी नाही असं कळल्यावर परत आलेला असतो. माझ्या आईच्या गुडघ्याची गोष्ट ऐकायला तीन वाड्यांची माणसं जमायची, आणि गोष्ट संपेपर्यंत ज्यांचे गुडघे धडधाकट होते तेही लंगडत घरी जायचे. अशा घरात वाढलेल्या, बोलताना श्वास घ्यायलाही न थांबणाऱ्या मुलीने जगातला एक धंदा करू नये. गप्प बसून दुसऱ्याचं ऐकण्याचा. मी नेमका तोच धरला.

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर रत्नागिरीत एका ट्रस्टच्या मानसोपचार केंद्रात दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला लागले. क्लिनिकल सायकॉलॉजी हे पुस्तकातून येत नाही, ते कुणाच्या तरी हाताखाली राहून शिकावं लागतं. आधी आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पेशंटशी बोलत असताना कोपऱ्यात बसून बघायचं. मग मॅडम कोपऱ्यात आणि आपण खुर्चीत. मग मॅडम बाजूच्या खोलीत. आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून, आपण किती गाढव आहोत ते शांतपणे समजून घ्यायचं. वडिलांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे वेड्यांची डॉक्टरीण? त्यासाठी रत्नागिरी कशाला? तुझे काका-मामा काय मेलेत?"

केंद्र म्हणजे जांभ्या दगडाचा जुना बंगला, पण आतल्या खोल्या प्लायवूडची पार्टिशनं घालून पाडलेल्या. ती पार्टिशनं इतकी पातळ, की आत पेशंट रडायला लागला की बाहेर बाकावरची माणसं रुमाल काढायची. एकदा आत एक बाई सासूबद्दल सांगत होती, तर बाहेरून दुसरीचा आवाज आला, "अगदी बरोबर बोललीस!" मॅडम ट्रस्टला वर्षानुवर्षं सांगत होत्या, भिंती घाला. ट्रस्टने भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी लावली.

मॅडम स्वतः फार कमी बोलायच्या. त्यांनी वर्षभरात उच्चारलेले शब्द आमची आई कोथिंबीर घेताना खर्च करते. त्यांची एक पद्धत होती. सेशन झालं की आठवेल ते सगळं शब्दशः लिहून काढायचं, पेशंट काय म्हणाला, आपण काय म्हणालो. माझ्या लिखाणात काय व्हायचं ते सांगायला नको. नाटे बंदरातला एक खलाशी आत येऊन एवढंच म्हणाला होता, "झोप लागत नाय." माझ्या कागदावर तो रात्रभर डोळे टक्क उघडे ठेवून समुद्राच्या लाटा मोजत होता आणि लाटा त्याला मोजत होत्या. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "हे वाक्य पेशंटचं की तुझं?"

"भावना त्याचीच आहे, मॅडम."

"भावना ठेव. लाटा काढ."

त्या दोन वर्षांत त्यांनी माझ्या कागदांवरून जेवढ्या लाटा काढल्या, तेवढ्या अरबी समुद्रात शिल्लक नसतील.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण पहिल्या वर्षाच्या शेवटी मी रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन भिंतीकडे बघत बसायचे. कारण कुणी बरं होत नव्हतं. म्हणजे होत असतील, पण सांगायला येत नव्हते. माणसं लांबून एसटीने यायची, खुर्चीत बसायची आणि विचारायची, "सुई कधी देणार?" सुई नाही, आपण बोलायचं, असं म्हटलं की त्यांच्या तोंडावर जे यायचं ते मी कितीही वाढवून सांगू शकणार नाही. एक आजोबा म्हणाले, "बोलायला घरी माणसं कमी आहेत काय?" आणि उठले. त्यांच्या घरी कुणीच नव्हतं, हे त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. पुढल्या वेळेला यायचे ते निम्मे. त्याच्या पुढल्या वेळेला खुर्ची, मी आणि पंखा.

ज्या पेशंटना मी काका म्हणू लागले, ते आले भातकापणी उरकल्यावर. हातखंब्याच्या पुढे आत एक गाव आहे, तिथले ते मानकरी. हे काय असतं ते सांगते. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते, आणि ती हलायच्या आधी गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं. एक माणूस पुढे उभा राहून खणखणीत आवाजात देवाशी बोलतो, गावाचं सुखदुःख त्याच्यापुढे मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला अख्खं गाव एकदम म्हणतं, 'होय महाराजा'. होय आला की पुढचं वाक्य. होय आला नाही, तर गाऱ्हाणं तिथेच अडतं. तो पुढे उभा राहायचा मान एकेका घराचा असतो आणि त्यासाठी भावकीत डोकी फुटलेली आहेत. काकांच्या घरात तो मान पिढ्यान् पिढ्या होता. त्यांना घेऊन आलेल्या त्यांच्या बायको, म्हणजे काकी, म्हणाल्या, "त्येंचा आवाज असा, की देव देवळात बसल्या जागी सावरून बसायचा." ही बाई आमच्या तालुक्याची असावी असं मला वाटलं.

तर हा माणूस गणपतीपासून बोलेनासा झाला होता. काही घडलं नव्हतं. भांडण नाही, मरण नाही, बाग बुडाली नाही. आरतीला उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं आणि जाऊन पडवीत बसले. तिथून पुढे हां आणि नको. भात दोन घास. पहाटे डोळे उघडे. सदरा असा लोंबत होता, जसा काही आत माणूस नसून खुंटी आहे. केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहिल्या आणि डिप्रेशन म्हणून आमच्याकडे पाठवलं. मॅडमनी फाइल माझ्यासमोर सरकवली. "ही तू घे."

काकींना गोळ्यांत रस नव्हता. "शिमगा काय लांब नाय, बाय. त्येंना बोलतं करा. मागाहून काय ती औषदं द्या."

"काकी, आधी त्यांना बरं वाटू दे."

"बरं वाटून काय करतंस? ह्या वर्षाला गाऱ्हाणं हुकलं की मान चुलतदिराच्या घरात गेला. गेला की गेला. परत देतो काय तो? त्याने आत्तापासून आरशासमोर सुरू केलंय. त्याच्या सुनेने सांगितलं."

"तुमचा मुलगा?"

"मुंबईला असतो. त्याला नुस्तं होय महाराजा येतं."

बुधवार हा त्यांचा वार ठरला. आणि बुधवारमागून बुधवार मी त्या माणसासमोर बसले. सुरुवातीला मी खूप बोलले. मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कमी बोलले. मग एका बुधवारी मी अजिबात बोलले नाही, जे माझ्या घराण्यात याआधी फक्त मेलेल्या माणसांना जमलेलं आहे. काका समोर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघायचे. झोप कशी? हां. जेवण? हां. जीव नकोसा होतो का? हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारायला शिकवलेला होता, आणि मी तो विचारायचे. काका मान हलवायचे. ती मान उभी हलते की आडवी, हे ठरवायला पंच बसवायला हवे होते. मी मॅडमना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग 'नाही' असं लिहू नकोस. 'कळलं नाही' असं लिही. आणि विचारत राहा."

शिमगा दोन आठवड्यांवर आला तशी काकींची बाहेर बाकावर घालमेल सुरू झाली. माझीही. खोटं कशाला बोलू, मलाही ते गाऱ्हाणं ऐकायचं होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, की खिन्न माणसाला एकदम डोंगर चढायला लावू नये, त्याला जे पूर्वी सहज जमायचं त्यातलं छोटंसं काहीतरी करायला द्यावं. मला वाटलं, ह्या माणसाचं ते हेच. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "एक ओळ. जास्त नाही. आणि त्याच्यानंतर काय वाटलं ते विचार. मी बाजूला आहे."

त्या बुधवारी मी म्हणाले, "काका, माझ्या गावाला पण गाऱ्हाणं असतं. आमचा मानकरी तोतरा आहे. एका गाऱ्हाण्याला दुपार होते, पालखीचे भोई मध्येच जेवून येतात." काकांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी झालं. ते हसू होतं असं मी म्हणणार नाही, मॅडमनी ते काढलं असतं. "तुमची पहिली ओळ म्हणाल का? गाव म्हणून मी आहे."

ते उठले. मी त्यांना उभं राहताना असं पहिल्यांदाच बघत होते. पाठ सरळ झाली. हात जोडले गेले. आणि त्या खुंटीवरच्या सदऱ्यातून जो आवाज निघाला, त्याने पार्टिशनची प्लाय थरथरली. ह्यात एक शब्द वाढवलेला नाही.

"हे बा देवा महाराजा!"

"होय महाराजा," मी म्हणाले.

"बारा वाड्यांच्या धन्या, चार शिवेच्या राखणदारा!"

"होय महाराजा!" आता माझ्याबरोबर बाहेरूनही एक आवाज आला. काकी. रडत होत्या.

"आज तुजी लेकरं तुज्या पायाशी गोळा झाली हायत. त्येंचं चुकलंमाकलं पोटात घाल!"

"होय महाराजा!" हा आवाज दहा-पंधरा जणांचा. बाहेर बाकावर कोण होतं? नाटे बंदरातला तो खलाशी होता, लांज्याची एक सून होती, तिची सासू होती, केस पेपर काढणारा क्लार्क होता. सगळे आमच्याच मातीतले. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला आणि वाक्य संपलं की ह्या मुलखातल्या माणसाच्या तोंडून होय आपोआप निघतो, त्याला कळायच्या आत. शिंक यावी तसा.

एक ओळ ठरली होती. मी थांबवायला हवं होतं असं कुणी म्हणेल. त्याने त्या दिवशी तिथे येऊन थांबवून दाखवावं.

"जी लेकरं मुंबईला पोटापाण्याला गेली, त्येंच्या वाटेतला काटा बाजूला सार!"

"होय महाराजा!"

"गुरावासरांना, पोराबाळांना राख! भाताच्या लोंबीत दाणा भर!"

"होय महाराजा!"

मग काकांचा आवाज उतरला नाही, फक्त जवळ आला. मघापर्यंत ते गावाच्या वतीने बोलत होते. आता त्यांनी डोळे मिटले.

"आणि ह्या तुज्या चाकराचं आता हितं काय काम उरलं नाय. त्येचा भार घरच्यांच्या मानेवर ठेवू नको. ह्या शिमग्याला त्येला उचल, महाराजा!"

माझं तोंड उघडलं होतं. होय ओठांवर आला होता. तो तिथे कसा अडला हे मला माहीत नाही.

बाहेरून, प्लायच्या पलीकडून, शब्दांकडे लक्षच नसलेल्या, फक्त सूर ओळखणाऱ्या सगळ्या माणसांनी एका दमात आरोळी दिली, "होय महाराजा!"

त्यात काकींचा आवाज सगळ्यात मोठा होता.

काकांनी डोळे उघडले. खाली बसले. चेहऱ्यावर अशी शांती, की मी खुर्ची पुढे ओढली. मी पुढे वाकले. "काका, मी होय म्हटलेलं नाही."

"गावाने होय म्हटलं."

"गावाने ऐकलंच नाही. मी ऐकलं. मी नाही म्हणतेय."

"एकाच्या नाय म्हणण्याने अडत नसतं, बाय. आता ते वर पोचलं."

एम.ए.चं सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लावलेली मी. पण खरं सांगते, त्या क्षणाला मलाही वाटलं, पोचलं. मग मॅडमनी शिकवलेला प्रश्न मी सरळ विचारला, कुठलंही पांघरूण न घालता. "काका, जीव द्यायचं मनात येतं?"

"रोज."

ह्या वेळी मान हलली नाही. शब्द आला. इतक्या बुधवारांत मला मिळालेला पहिला स्पष्ट शब्द तो होता.

मी त्यांना एकटं न सोडता दार उघडलं आणि मॅडमना हाक मारली. बाहेर लग्नघर झालं होतं. काकी सगळ्यांच्या पाया पडत होत्या. लांज्याच्या सासूने पिशवीतले चुरमुऱ्याचे लाडू काढून वाटायला घेतले होते, क्लार्कने एक तोंडात टाकलाही होता. मॅडम आल्या. मी त्यांना दारातच बाजूला घेऊन ती शेवटची ओळ जशीच्या तशी सांगितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पेशंटचं की तुझं?"

"पेशंटचं. अक्षर न् अक्षर."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डॉक्टरांना फोन लावला.

काकींना समजावणं हे काम त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं, आणि मी ते माझ्या शत्रूवरही सोपवणार नाही. बंगल्याच्या मागे ट्रस्टचा लहानसा वॉर्ड होता, डॉक्टरांचं म्हणणं होतं की काकांना तिथे ठेवायचं, सतत कुणीतरी जवळ हवं, औषधं बदलायची, काही आठवडे लागतील. काकी लाडू हातात धरून ऐकत होत्या.

"आज बोलले. आजच तुम्ही त्येंना आत टाकता?"

"काकी, ते काय बोलले ते ऐकलंत का?"

"गाऱ्हाण्यात आलं ते देवाचं. त्येचा अर्थ माणसाने लावायचा नसतो."

"मी त्यांना नंतर वेगळं विचारलं. गाऱ्हाण्यात नाही. ते म्हणाले, रोज मनात येतं."

काकींनी लाडू पदरात बांधला. खूप वेळ गाठच मारत बसल्या. "आणि मी वरडून होय म्हटलं," त्या म्हणाल्या. मग एकदम माझ्यावर उसळल्या, "तू कशाला बोलायला लावलंस? गप होते तर निदान गप होते!"

ह्याला पुस्तकात उत्तर आहे. न बोललेलं दुखणं जास्त धोक्याचं असतं, विचारल्याने कुणी मरणाकडे ढकललं जात नाही, उलट वाट सापडते. हे खरंच आहे, मी आजही पेशंटच्या घरच्यांना हेच सांगते. पण त्या बाकावर ते उत्तर मला कागदासारखं कोरडं वाटलं. काकींनी सही केली ती मॅडमच्या शब्दावर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तीन दिवसांत चुलतभाऊ हजर. कडक इस्त्रीची टोपी, हातात शहाळी, चेहऱ्यावर दुःख असं काही ओतलेलं, की खाली सांडेल. "दादाला आराम पडू दे, वहिनी. घाई नको. गाऱ्हाण्याचं काय, कुणीतरी वेळ मारून नेईल."

"कोण कुणीतरी?"

"आता गावाने माझं नाव घेतलं तर मी काय करू?"

"तुजा घसा बसला होता ना गणपतीत?"

"तुळशीचा काढा घेतला."

"बाळपणापासून घेतोस वाटतं ह्या दिवसासाठी," काकी म्हणाल्या. शहाळी मात्र ठेवून घेतली. तो गेल्यावर एक फोडून काकांपुढे धरलं. काकांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "आवाज आहे त्याला." बस्स. मान गेला तो असा, शहाळ्याच्या दोन घोटांत.

शिमग्याच्या दिवशी शहरभर ढोल वाजत होते. वॉर्डच्या खिडकीतून पालखी दिसत नव्हती, समोरच्या सोसायटीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. दुपारी मुंबईच्या मुलाने आईच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. चुलतकाका गाऱ्हाणं घालतायत, खाली वर केलेला अंगठा आणि 'मस्त झालं'. मुलगा वाईट नव्हता, त्याला वाटलं, वडिलांना गाव दिसेल. मी काकींना म्हणाले, नका दाखवू. काकांनी हात पुढे केला होता. त्यांनी पूर्ण व्हिडिओ बघितला. गाव ओरडत होतं, मोबाइलच्या पिचक्या स्पीकरमधून ते शंभर डासांसारखं ऐकू येत होतं. काका म्हणाले, "शिवेचा राखणदार विसरला."

मी धावत मॅडमकडे. चूक काढली त्यांनी! माणूस चूक काढतो म्हणजे त्याचं अजून कशात तरी लक्ष आहे! मी त्या एका वाक्यावर इमला चढवायला घेतला होता, तिसऱ्या मजल्यावर पोचले होते. मॅडमनी ऐकून घेतलं. "लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. पण त्याच्यावर राहायला जाऊ नकोस."

काकांना घरी सोडलं तेव्हा ते जेवत होते, झोपत होते, आणि डॉक्टरांना सांगत होते की तो विचार येतो पण रोज नाही. घरी काय काळजी घ्यायची, कुणाला कधी फोन करायचा, हे सगळं काकींना दोनदा समजावून झालं होतं. त्यानंतर ते एकदाच आले. काकी आत आल्या नाहीत. गावात आता त्यांच्या घराला 'रत्नागिरीवाल्यांचं घर' म्हणायला लागले होते, आणि आमच्याकडे रत्नागिरीला नेलं याचा अर्थ वेड्यांच्या इस्पितळात नेलं, असाच होतो. मुंबईच्या मुलाचं एक स्थळ ह्यातच फिरलं होतं. हे मला क्लार्ककडून कळलं. काकींनी मला काही सांगायचं सोडून दिलं होतं.

काका बसले. आता ते बोलत होते. हळू, पण बोलत होते. मी इतके महिने ज्याची वाट बघितली, ते आता समोर होतं.

"बाय, तू त्या दिवशी नाय म्हणालीस."

"हो."

"मग आता तूच सांग. पुढं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की मी उठतो. गोळी घेतो. पडवीत बसतो. गाऱ्हाणं तिकडे गेलं. बागेचं मुलगा फोनवरून बघतो. घरवाली माज्याकडे अशी बघते, जसं दूध गॅसवर ठेवलंय, आणि उतू जाईल. तू मला धरून ठेवलंस. बरं केलंस. पण कशाला, ते सांग ना."

मी. जिने यमाच्या रेड्यापासून समुद्राच्या लाटांपर्यंत काहीही जन्माला घातलंय, जिच्या घराण्यात पायात काटा मोडला तर त्याची कथा दोन दिवस पुरते. त्या माणसाने माझ्यासमोर हात पसरून एक गोष्ट मागितली आणि माझ्याकडे एकही नव्हती. मॅडम असत्या तर गप्प बसल्या असत्या आणि त्या गप्प बसण्यालाही काही वजन असतं. मी गप्प बसले ते नुसतंच रिकामं होतं. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही, काका. शोधू. पुढच्या बुधवारी या."

"बुधवारी," ते म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जसं मोठ्या आशेने निघालेल्या एखाद्याला भलत्याच स्टॉपवर उतरवलंय.

संध्याकाळी मी मॅडमना हे सांगितलं, एक अक्षर न वाढवता. वाढवण्यासारखं काही नव्हतंच. म्हटलं, मला हे काम जमत नाही. मी कुणाला बरं करत नाही. मी फक्त माणसांना मरण्यापासून अडवून तिथेच उभं करते आणि मग मला पुढचा रस्ता माहीत नसतो.

मॅडम म्हणाल्या, "मलाही नसतो." मला वाटलं, पुढे काहीतरी येईल. इतक्या वर्षांचा अनुभव, काहीतरी यायला हवं. त्यांनी पर्स उचलली आणि बस गाठायला गेल्या.

मग आंब्याचे दिवस आले. रत्नागिरीत आंबा उतरायला लागला की दवाखाने ओस पडतात, ही थाप नाही. डिप्रेशनसुद्धा आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडावर चढतं. पेशंट, पेशंटचे नातेवाईक, आमचा क्लार्क, सगळे बागेत. काका बुधवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. न आलेल्या पेशंटला फोन करायचा असतो, विशेषतः अशा पेशंटला, म्हणून मी दर बुधवारी त्यांच्या वेळेला फोन करायचे. काकी उचलायच्या. कधी चिडून, कधी तुटक, एकदा नुसतंच 'आज नको'. पण उचलायच्या. गोळ्या घेतात का? घेतात. जेवतात का? जेवतात. तुम्ही याल का? बघू.

माझं प्रशिक्षण मे महिन्यात संपलं. नियमाप्रमाणे माझ्या सगळ्या फायली पुढच्या मुलीकडे गेल्या. ती सांगलीकडची, हुशार, शांत, मॅडमना आवडेल अशी. पेशंटशी आपण स्वतःहून संबंध ठेवायचा नाही, हाही नियमच. तो नसता तर आम्ही सगळे केव्हाच वेडे झालो असतो, त्यामुळे त्याच्याशी माझं भांडण नाही. शेवटच्या बुधवारी मी त्या मुलीला शेजारी बसवून फोन लावला. पलीकडे बराच गोंगाट होता. लाकडी पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज.

"काकी, मी केंद्रातून बोलतेय."

"बोल, बाय. पेट्या भरतोय. टेम्पो दारात उभा हाय."

"काका कसे आहेत?"

"हायत."

"बोलतात का?"

"हां म्हणतात."

"गोळ्या?"

"मीच देते. हातावर."

"काकी, पुढच्या बुधवारपासून दुसरी मुलगी फोन करेल. चांगली आहे. तिच्याशी बोलाल ना?"

पलीकडून कुणीतरी काकींना हाक मारली. त्या 'आले' म्हणाल्या, मला नाही, त्यांना.

"काकी, आत्ता काका कुठे आहेत? जवळ कोण आहे?"

"पडवीत. मी हाय की हितंच."

"दिसतायत का तुम्हाला?"

त्या थांबल्या. बघत असाव्यात.

"दिसतायत, बाय. बसलेत. टेम्पोवाला वरडतोय, ठेवते आता."